लिफ्ट केलेल्या थारसाठी जॅक: उंची नाही, आधी जागा बघा

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देतोय.

"नमस्कार दादा. माझ्याकडे २०२१ ची थार आहे, डिझेल, हार्डटॉप. मागच्या दिवाळीला गाडी उंच करणारी दोन इंचाची लिफ्ट किट टाकली आणि १६ च्या रिमवर २८५/७५ चे टायर चढवले. परवा भंडारदऱ्याहून घाटघरच्या बाजूला फिरताना कच्च्या रस्त्यावर मागचा डावा टायर दगडाने साइडवॉललाच, म्हणजे बाजूच्या भिंतीलाच, फाटला. गाडीसोबत आलेला जॅक चासीला लावला तर तो पूर्ण वर गेला तरी चाक जमीन सोडेना. शेवटी जॅकखाली दोन दगड रचले आणि कसंबसं चाक काढलं. स्टेपनी उचलायला वळलो तेवढ्यात गाडी जराशी पुढे सरकली, जॅक तिरका होऊन निसटला आणि ड्रम खाली आदळला. दोन सेकंद आधी माझा हात तिथेच होता. आता नवीन जॅक घ्यायचाय. व्हिडिओत सगळे तो उंच फार्म जॅक वापरतात, ग्रुपवर एक जण म्हणतो एअर बॅगवाला घे, आमचा मेकॅनिक म्हणतो साधा बॉटल जॅक बास झाला. बजेट दहा हजारापर्यंत. बायको रोज सिन्नरला कामाला याच गाडीने एकटी जाते, तिलाही जमेल असा हवा. काय घेऊ?"

नमस्कार भाऊ. हात वाचला हे वाचून आधी जीव भांड्यात पडला. जॅकचं बोलूच पण त्याआधी एक काम करा, ज्या चाकाचा ड्रम आदळलाय ते चाक काढून ब्रेकची बॅकप्लेट वाकली नाही ना, ब्रेकचा पाइप कुठे दबला नाही ना आणि चाक हाताने फिरवल्यावर घासल्याचा आवाज येत नाही ना हे मेकॅनिककडून बघून घ्या. वहिनी रोज त्याच गाडीने हायवेला जातायत, त्यामुळे हे आजच्या आज करा.

आता उत्तर आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. तुमच्या मेकॅनिकचं बरोबर आहे. चांगला हायड्रॉलिक बॉटल जॅक (बाटलीसारखा उभा, तेलाच्या दाबावर वर जाणारा), त्याच्या डोक्यावर बसेल अशी एक खाच असलेली टोपी आणि खाली ठेवायला एक जाड फळी, एवढ्यात तुमचं काम होतं आणि दहा हजारातले बरेच पैसे उरतात. फार्म जॅक हे टायर बदलायचं हत्यार नाहीये, निदान तुमच्या गाडीसाठी तर नाहीच.

का ते सांगतो. तुमचा जॅक कमी पडला त्यात जॅकचा दोष नाही, तो कंपनीच्या उंचीच्या गाडीसाठी दिलेला आहे आणि तुम्ही गाडीची उंची बदलली. हिशोब करून बघा. दोन इंचाची लिफ्ट म्हणजे चासी ५० मिलिमीटर वर गेली. आधीचा टायर २४५/७५ आर १६ धरला तर त्याची त्रिज्या ३८७ मिलिमीटर, आताच्या २८५/७५ ची ४१७, म्हणजे अजून ३० वर. झाले ८० मिलिमीटर, आणि हे तर फक्त जॅक चासीला टेकेपर्यंतचं अंतर. खरी गंमत पुढे आहे, तुम्ही चासी उचलायला लागता तेव्हा चाक लगेच उचललं जात नाही, आधी स्प्रिंग मोकळी होते, शॉकअप लांब होतो, एक्सल खाली लोंबत राहतो आणि चाक जमिनीलाच चिकटून राहतं. लिफ्ट किटमध्ये शॉकअप लांब येतात म्हणजे हे लोंबणं पण वाढतं. ते सगळं संपल्यावर मग कुठे चाक जमीन सोडतं. तोपर्यंत अख्खी गाडी एका बाजूने एवढी वर गेलेली असते की तिला कलंडायला निमित्तच हवं असतं.

म्हणून जॅक बघताना "किती उंच जातो" हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न, तुम्ही तो कुठे लावणार आहात. लिफ्ट किट बॉडी आणि चासी वर नेते, एक्सल वर नेत नाही, एक्सलची उंची फक्त टायरवर ठरते. थारचा मागचा एक्सल सलग आहे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच नळी, म्हणजे जॅक चाकाजवळ त्या नळीखाली लावला की स्प्रिंग मोकळी व्हायची भानगडच नाही, जॅक एक इंच वर तर चाक पण जवळपास इंचभर वर. गाडी फार तिरकी होत नाही, जॅक कमी उचलतो, सगळं जमिनीच्या जवळ राहतं. तुम्ही चार इंचाचं लिफ्ट टाकलं असतं तरी मागच्या बाजूला हेच उत्तर आलं असतं.

आता आकडे नीट बघू, कारण बॉटल जॅक घेताना लोक इथेच फसतात. सगळे जॅकची जास्तीत जास्त उंची विचारतात, पण पंक्चर झालेल्या गाडीला कमीत कमी उंचीच जास्त नडते. तुमच्या टायरची साइडवॉल २१४ मिलिमीटर आहे, हवा गेली की ती जवळपास सगळी दबते आणि रिम खाली येऊन रबरावर बसते. तेव्हा एक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण २४५-२५० मिलिमीटरवर येतो आणि नळीची खालची बाजू धरली तर २०५-२१० च्या आसपास. म्हणजे बंद केलेला जॅक २०० मिलिमीटरच्या वर असेल तर तो आत जाणारच नाही. दुसऱ्या टोकाला, नवीन हवा भरलेली स्टेपनी आत बसायला एक्सलचा मध्य ४१७ अधिक थोडी मोकळीक, म्हणजे ४३५-४४० ला न्यावा लागतो आणि नळीखाली ते होतात साधारण ४००. तेव्हा तुम्हाला २०० पासून ४०० पर्यंतचा पल्ला हवाय. दुकानातला साधा बॉटल जॅक बंद असताना १९०-२०० चा असतो, हायड्रॉलिकने साधारण १२० वर जातो आणि डोक्यावरचा आटे असलेला स्क्रू हाताने फिरवून अजून ६०-७० मिळतात. झाले ३८० च्या आसपास. वीस मिलिमीटर कमी पडले.

इथे बरेच जण तेच करतात जे तुम्ही केलं, जॅकखाली काहीतरी रचतात. फळी ठेवणं चुकीचं नाही, ती तर ठेवायचीच आहे, पण फळी ठेवली की बंद जॅकची उंची पण वाढते आणि मग तो बसलेल्या टायरच्या एक्सलखाली शिरत नाही. यावर साधा उपाय आहे. दोन फळ्या ठेवायच्या. पहिली फळी पंक्चर चाकासमोर ठेवा आणि गाडी अगदी हळू, फूटभर पुढे घेऊन ते बसलेलं चाक फळीवर चढवा. एक्सल फळीच्या जाडीएवढा वर आला. आता जॅक त्याच्या स्वतःच्या फळीसकट आरामात आत जातो. जॅक वर घेतला आणि चाक जरा सुटलं की चाकाखालची फळी ओढून काढा, तेवढी जागा तुम्हाला फुकट मिळाली. ओढताना फळी फक्त कडेने धरायची, हात चाकाखाली घालायचा नाही. फाटलेल्या टायरवर फूटभर गाडी हलवल्याने त्याचं अजून काही वाईट होणार नाहीये, साइडवॉल गेली म्हणजे तो टायर तसाही गेला.

माझे आकडे टायरच्या साइजवरून आणि अंदाजाने काढलेले आहेत, तुम्ही घरी एकदा प्रत्यक्ष मोजा. सपाट जागी मागच्या एका चाकाची हवा पूर्ण सोडा, मीटरपट्टी घेऊन एक्सलच्या नळीची खालची बाजू जमिनीपासून किती आहे ते लिहून घ्या, परत हवा भरा आणि परत मोजा. हे दोन आकडे खिशात ठेवून दुकानात जा आणि तिथे पण खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, जॅक बाहेर काढून स्वतः मोजा.

पुढच्या चाकांची गोष्ट वेगळी आहे. थारला पुढे सलग एक्सल नाही, दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत, म्हणून तिथे जॅक लोअर आर्मखाली, म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या लोखंडी हाताखाली लावायचा, होईल तेवढा चाकाच्या बाजूला. तिथे पण तत्त्व तेच, स्प्रिंग मोकळी होऊ द्यायची नाही. अडचण एवढीच की आर्म सपाट नसतो, उचलताना त्याचा कोन बदलतो आणि जॅकचं लोखंडी गोल डोकं लोखंडावरून घसरायला बघतं. मागची नळी पण गोलच आहे म्हणा, तिथेही हाच त्रास.

म्हणून ती टोपी. तुम्ही नाशिकला आहात, अंबड नाहीतर सातपूर एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे जॅक घेऊन जा आणि त्याला सांगा की या डोक्यावर चपखल बसेल अशी वाटी बनव आणि त्या वाटीवर जाड पाइपचा अर्धा तुकडा आडवा वेल्ड कर, पाइप एक्सलच्या नळीपेक्षा जरा मोठ्या मापाचा घे. नळी त्या अर्ध्या पाइपात बसली की पुढेमागे सरकत नाही. आत एक रबराचा तुकडा चिकटवला तर अजून चांगलं. पण एक गोष्ट त्याला बजावून सांगा, वेल्डिंग टोपीवर, जॅकवर नाही. काही जण थेट जॅकच्या स्क्रूवरच वेल्ड मारून देतात, त्या उष्णतेने आतले सील खराब होऊ शकतात आणि मग जॅक भार घेऊन हळूहळू खाली बसायला लागतो. टोपी सुटीच हवी. तिची उंची पण कमीत कमी ठेवायला सांगा, नाहीतर वर मोजलेला सगळा हिशोब तिथेच बिघडेल.

आता फार्म जॅक. त्याच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण व्हिडिओ बघून सगळ्यात जास्त लोक तोच घेतात आणि सगळ्यात जास्त लागतं पण त्यानेच. हा अमेरिकेतला शेतावरचा जॅक, तिकडे इंडियाना राज्यात १९०५ पासून बनतोय, कुंपणाचे खांब उपटायला, अवजारं उचलायला, ओढायला. त्या कामात तो एक नंबर आहे. चार फुटी जॅकचं वजन साधारण १३ किलो. त्याचा पाय अरुंद, दांडी उंच आणि तो फक्त सरळ वर उचलतो, गाडी आडवी हलली तर तिला धरून ठेवायला त्याच्याकडे काही नाही. तो लावायला गाडीला लोखंडी बंपर किंवा चासीला बोल्ट केलेले रॉक स्लायडर (दाराखालचे जाड लोखंडी पाइप) लागतात, प्लास्टिकच्या बंपरला किंवा पाय ठेवायच्या फुटस्टेपला तो लावायचा नसतो. आणि लावला तरी तो चासीलाच उचलणार, म्हणजे स्प्रिंग मोकळी होणं, एक्सल लोंबणं, गाडी तिरकी होणं हे सगळं परत आलंच, फक्त आता अजून उंचावर.

त्याचा दांडा, म्हणजे हाताने मारायचं हँडल, हा खरा धोका. वर चढवताना हात निसटला तर दांडा भाराच्या जोरावर फटकन उलटा येतो, आणि खाली उतरवताना तर दर टप्प्याला तो वर उडायला बघतच असतो. दात, जबडा, मनगट, सगळं त्याच्या वाटेत येतं. डोकं कधी दांडा आणि उभ्या दांडीच्या मध्ये आणायचं नाही, काम थांबवलं की दांडा उभा करून ठेवायचा, हे ज्याच्या अंगवळणी पडलंय त्याने जरूर वापरावा. शिवाय त्याच्या पिना उघड्या असतात, आपल्याकडची लाल माती आणि चिखल आत गेला की त्या अडकतात आणि गाडी वर असताना पिन अडकली की काय करायचं हे अनुभवी माणसालाही सुचत नाही. चाकाला हुक लावून उचलायचं एक जोडसाधन मिळतं, ते चाक खड्ड्यात रुतल्यावर वर उचलून खाली दगड भरायला फार छान, पण टायर बदलायला त्याचा काही उपयोग नाही कारण जे चाक काढायचंय त्यालाच जॅक धरून बसलेला असतो. पुढे तुम्ही ऑफरोडला नियमित जायला लागलात, गाडीला स्लायडर बसवले, कोणा जाणत्या माणसाकडून शिकून घेतलं, तर रिकव्हरीसाठी, म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायला घ्या. वहिनींच्या हातात एकटीला द्यायची ही वस्तू नाही, आणि हे मी बाई म्हणून म्हणत नाहीये, कुठल्याही नवख्या माणसाला एकट्याने नाहीच.

एअर बॅगवाला जॅक म्हणजे सायलेन्सरच्या धुराने किंवा कंप्रेसरने फुगणारी जाड पिशवी. वाळूत आणि खोल चिखलात तिच्यासारखं काही नाही कारण तिचा तळ मोठा असतो, रुतत नाही. राजस्थानात वाळूच्या टेकड्यांवर जाणाऱ्यांनी ती घ्यावीच. पण सह्याद्रीत जमिनीवर काय असतं, धारदार काळा दगड आणि बाभळीचे काटे, आणि वरून गरम सायलेन्सर. खाली वर दोन्हीकडे चटई घातल्याशिवाय ती टिकणार नाही. आणि फुगलेल्या पिशवीवर गाडी डोलते, चाक काढायला जोर लावला की अजून डोलते, सोबत स्टँड लावल्याशिवाय चाक काढायचंच नाही. तुमच्या कामाला नको.

गॅरेजमधला चाकांचा ट्रॉली जॅक डांबरी रस्त्यावर सगळ्यात सोपा, पण मातीत त्याची छोटी चाकं रुततात, उचलताना त्याला जरासं पुढे सरकावं लागतं आणि ते न झाल्याने तो तिरका ओढ घेतो. मोठ्या चाकांचे ऑफरोडचे ट्रॉली जॅक मिळतात, ते चांगले असतात पण जड आणि महाग.

तेव्हा बॉटल जॅकवर परत येऊ. तुमची गाडी रिकामी असताना पावणेदोन टनाच्या आसपास, एका चाकावर सरासरी साडेचारशे किलोच्या आसपास. वजनाच्या हिशोबाने दोन टनाचा जॅकही पुरतो. पण थोडा मोठा घेतला तर पाया रुंद मिळतो आणि जॅक जोर न करता उचलतो, म्हणून तीन किंवा पाच टनाचा बघा, फक्त जसजसे टन वाढतात तशी बंद उंची पण वाढते, त्यामुळे दहा टनाचा घेऊन मजबूत काम करू असं करू नका, तो आत शिरणारच नाही. एकात एक दोन नळ्या असलेला डबल रॅमचा जॅक मिळाला तर सोन्याहून पिवळं, तो बंद असताना बुटका आणि उघडल्यावर उंच. साधा जॅक हजार-दोन हजारात येतो, डबल रॅमवाल्याला थोडे जास्त पडतील, पण तुमच्या बजेटच्या आतच.

घेतल्यावर घरी एकदा गाडी त्यावर उचलून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, चाक काढू नका, फक्त जमिनीपासूनचं अंतर आधी आणि नंतर मोजा. उंची कमी झाली तर जॅक बदलून घ्या. हँडल लांब हवं, दोन तुकड्यांचं जोडायचं असतं ते, म्हणजे पंप मारताना तुमचं अंग गाडीच्या बाहेर राहतं. गाडीत ठेवताना तो उभाच ठेवा, पट्ट्याने बांधून. आडवा पडून खडखडत राहिला की तेल गळतं, हवा आत जाते आणि मग ऐनवेळी पंप मारतोय मारतोय आणि वर काहीच येत नाही असं होतं. तेल घालायचं झालं तर जॅकचं हायड्रॉलिक तेलच, ब्रेक ऑइल अजिबात नको, त्याने सील फुगून खराब होतात.

फळीबद्दल. बॉटल जॅकचा तळ साधारण दहा बाय दहा सेंटीमीटरचा, त्यावर सहाशे किलो धरले तर दर चौरस सेंटीमीटरला सहा किलो. ओल्या काळ्या जमिनीत हा जॅक गाडी वर न्यायच्या ऐवजी स्वतःच खाली जाईल, तुम्ही पंप मारत बसाल. तीस बाय तीसची फळी ठेवली की तोच भार नऊशे चौरस सेंटीमीटरवर पसरतो, पाऊण किलोच्याही आत. सुताराकडून १८ एमएमच्या प्लायचे तीस बाय तीसचे चार तुकडे कापून घ्या, दोन-दोन एकमेकांना चिकटवून स्क्रू मारा, झाल्या तुमच्या दोन्ही फळ्या, प्रत्येकी ३६ मिलिमीटरच्या. ओढून काढायला एका कोपऱ्यात भोक पाडून दोरी बांधा. दगडावर दगड रचणं मात्र कायमचं बंद. दगड भाराखाली फुटतो किंवा फिरतो, आणि तो कधी फिरेल हे आधी कळत नाही.

आता तुमची गाडी पुढे का सरकली. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीये, पण मला वाटतं हँडब्रेकवर भरवसा ठेवला होता. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो आणि तुम्ही मागचंच एक चाक उचललं होतं, म्हणजे धरायला राहिलं एक चाक. गिअरमध्ये असली तरी टू व्हील ड्राइव्हमध्ये असेल तर उपयोग नाही, कारण हवेतलं चाक फिरतं आणि गिअरची पकड तिथून निघून जाते. म्हणून जॅक लावायच्या आधी गिअरशेजारचा छोटा लिव्हर फोर व्हीलमध्ये, गिअर पहिला किंवा रिव्हर्स, ऑटोमॅटिक असेल तर पार्क, आणि हँडब्रेक. मग पुढची चाकं पण धरली जातात. छोटा लिव्हर चुकून न्यूट्रलला राहिला तर गिअर आणि पार्क दोन्हीचा काही उपयोग नसतो, हे नीट तपासा. शिवाय जे चाक उचलणार त्याच्या तिरक्या विरुद्ध चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, इथे दगड चालतो. गाडीतली सगळी माणसं खाली आणि रस्त्यापासून लांब.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करायचे, गाडी वर गेल्यावर पान्यावर जोर लावायचा नाही. जॅक एक्सलच्या नळीला लावताना मधल्या फुगीर भागाला लावू नका, त्यावर गाडी तराजूसारखी डोलते, चाकाच्या बाजूला स्प्रिंगच्या जवळ लावा आणि ब्रेकचा पाइप मध्ये येत नाही ना हे टॉर्च मारून बघा. आणि स्टेपनी आधीच काढून ठेवा. जॅकच्या बाजूला, दाराखाली, चासीच्या खाली आडवी सरकवून. जॅक निसटलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल, तुमच्या हातावर नाही. फाटलेलं चाक बाहेर आलं की ते आत सरकवा आणि स्टेपनी बाहेर काढा. गाडीखाली काहीतरी सतत हवंच.

तुमच्या पत्रात स्टेपनी कुठल्या साइजची ते नाहीये. कंपनीचीच जुनी असेल तर तेवढ्यापुरती गावापर्यंत हळू येता येईल पण डांबरी रस्त्यावर फोर व्हील अजिबात टाकू नका, वेगळ्या मापाच्या चाकांनी आतल्या गिअरवर ताण येतो. पाचवा टायर पण २८५ चाच घ्या. फक्त तो मागच्या दाराला लटकतो, जड असतो, दाराचे बिजागर ढिले होतायत का यावर लक्ष ठेवा. आणि लिफ्ट व टायरबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचून घ्या, आरसीत नोंदलेल्या गाडीत परस्पर बदल करायला त्यात मनाई आहे, अपघात झाला तर विमावाले पहिलं तेच काढतात.

वहिनींचं सांगायचं राहिलं. सिन्नर रस्त्यावर त्यांना जे पंक्चर होईल ते बहुतेक खिळ्याचं असेल, त्याला चाक काढायची गरजच नाही. उरलेल्या पैशातून ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि चांगला कंप्रेसर घ्या, बॅटरीला थेट लागणारा, कारण एवढ्या मोठ्या टायरला सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा छोटा कंप्रेसर फार वेळ घेतो. खिळा काढला, दोरी भरली, हवा मारली, निघाल्या. जॅकचा पंप मारायला फार ताकद लागत नाही, त्यांना नक्की जमेल. अवघड आहे ते चाक, रिमसकट पस्तीस किलोच्या आसपास. ते हाताने उचलून बोल्टवर बसवायला जाऊ नये, पाठ जाते. जॅक इतकाच वर ठेवायचा की चाक जमिनीवरून सरकवत नेलं की भोकं आणि बोल्ट जवळपास एका रेषेत येतील, मग चाकाखाली फावडं किंवा टॉमी (लोखंडी दांडा) घालून पायाने टोक दाबायचं, चाक तेवढं अर्धा इंच वर येतं आणि हाताने नुसतं ढकलायचं. वरचा एक नट हाताने लावला की चाक लटकतं, बाकीचे समोरासमोर लावत जायचे, गाडी खाली आल्यावर पक्के करायचे आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर परत एकदा पाना मारायचा.

या रविवारी दोघांनी मिळून पार्किंगमध्ये एकदा मागचं आणि एकदा पुढचं चाक काढून लावा, वहिनींना स्वतःला करू द्या, तुम्ही नुसते बाजूला उभे राहा. पुढचा लोअर आर्म हवा गेल्यावर किती खाली येतो तेही त्याच वेळी मोजा, तिथे जॅक शिरत नसेल तर मला आकडे कळवा, मग पुढच्यासाठी वेगळी बुटकी टोपी करता येईल का ते बघू.